गाव उचलणारी माणसं

आई-बाबा देशातून आले की ह्यूस्टनमधल्या आम्हा मराठी लोकांचे पहिले दोन विकेंड ठरलेले असतात. एक नासाचं स्पेस सेंटर, दुसरा गॅल्व्हेस्टनचा बीच. आय-४५ पकडायचा, पन्नासेक मैल दक्षिणेला जायचं, पूल ओलांडला की बेट. समुद्र बघून आई म्हणणार, "हा कसला रे मातकट समुद्र, आपला बरा." मग कोळंबी खायची, सीवॉलवर दोन फेऱ्या मारायच्या आणि अंधार पडायच्या आत परत. गेल्या दहा वर्षांत हा कार्यक्रम मी इतक्या वेळा केलाय की गाडी आपोआप जाते.

यावेळी मात्र बाबा ब्रॉडवेवरच अडकले. ब्रॉडवे म्हणजे बेटाच्या मधून जाणारा मोठा रस्ता. तिथे अ‍ॅश्टन व्हिला नावाचा १८५९ सालचा विटांचा वाडा आहे. मी वाड्याचा फोटो काढत होतो आणि बाबा कुंपणाकडे बघत होते. बिडाचं, छान नक्षीचं कुंपण, पण एवढ्या थोरल्या वाड्याला अगदीच बुटकं.

"अरे, हे बुटकं नाहीये," बाबा म्हणाले. "हे गाडलं गेलंय. इथे भराव झालाय."

मी म्हटलं, "काहीतरीच काय बाबा, भराव कसला? भर शहरात?"

"जोतं बघ ना. असं जोतं कोण बांधतं?"

इथे सांगायला हवं की बाबांनी कोकणातल्या समुद्रकाठच्या एका नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून एकतीस वर्षं काढली. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे त्या पालिकेबद्दल थोडं बोलायचंय.) रस्ता, गटार, भराव, लेव्हल हे त्यांचे आयुष्यभराचे विषय. आणि सध्या तर लेव्हल हा आमच्या घरातला दुखरा विषय आहे. गाव वाढलं, मुंबई-पुण्याचे लोक विकेंडला यायला लागले, लॉज झाले, रस्ते 'सुधारले'. सुधारले म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर. मी शाळेत असताना आमच्या अंगणातून रस्त्यावर उतरायला दोन पायऱ्या होत्या. आता रस्त्यावरून अंगणात उतरायला एक पायरी आहे. गेली तीन वर्षं जुलैत ओटीवर पाणी येतं. ज्या माणसाने गावाचे रस्ते केले त्याच्याच घरात रस्त्याचं पाणी! यावर घरात विनोद करायची सोय नाही.

घरी आल्यावर गूगलबाबाला विचारलं. आमचे बाबा बरोबर होते. अ‍ॅश्टन व्हिलाभोवती दोन फुटांहून जास्त वाळू आहे, वाड्याचं तळघर तिने भरलंय आणि कुंपण अर्धवट पुरलं गेलंय. आणि एका वाड्यापुरतं नाही. त्या काळचं जवळजवळ अख्खं शहर असं वर उचललेलं आहे. पुढचे तीन विकेंड मी दुसरं काही वाचलं नाही.

गॅल्व्हेस्टन म्हणजे टेक्सासच्या किनाऱ्याला समांतर पसरलेला वाळूचा लांबलचक पट्टा. १८३९ मध्ये शहराची रीतसर स्थापना झाली आणि बंदर चांगलं असल्यामुळे ते झपाट्याने वाढलं. टेक्सासचा कापूस इथून जगभर जायचा. १९०० च्या जनगणनेत लोकसंख्या ३७,७८९ होती आणि शेजारच्या ह्यूस्टनची ४४ हजारांच्या आसपास. म्हणजे दोन्ही गावं जवळजवळ तोडीस तोड. आज ह्यूस्टन तेवीस लाखांचं आहे आणि गॅल्व्हेस्टन पन्नास हजारांच्या थोडं वर. का, ते पुढे येईलच.

या वाढत्या गावाची सगळ्यात उंच जागा होती समुद्रसपाटीपासून ८.७ फूट. सगळ्यात उंच बरं का! त्यात लोकांनी काय केलं, तर किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या कापून ती वाळू गावातल्या खोलगट जागा भरायला वापरली. अंगण भरलं, पण दाराबाहेरची भिंत गेली. १८७५ आणि १८८६ अशा दोन चक्रीवादळांनी त्याच किनाऱ्यावरचं इंडियानोला नावाचं बंदर संपवलं. दुसऱ्यांदा तर लोक गाव सोडूनच गेले. तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्येही समुद्रकाठी भिंत बांधावी अशी चर्चा झाली. चर्चा झाली आणि राहिली. १८९१ मध्ये तिथल्या हवामान खात्याचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की वादळाच्या लाटेने या शहराचं फार मोठं नुकसान होणं शक्यच नाही, तशी भीती बाळगणं म्हणजे निव्वळ भ्रम. आमच्याकडे "प्रॉडक्शनला असं कधी होणारच नाही" म्हणणारे आर्किटेक्ट असतात, तसंच.

८ सप्टेंबर १९०० ला ते झालं. पंधरा फुटांहून उंच पाणी साडेआठ फुटांच्या गावात शिरलं. तीन हजारांहून जास्त घरं गेली. मृतांचा आकडा नक्की कुणालाच सांगता आला नाही, पण शहरातले सहा ते आठ हजार धरतात. अमेरिकेतली आजवरची सगळ्यात प्राणघातक नैसर्गिक आपत्ती. क्लाइन यांची बायको त्यात गेली. किनाऱ्यावरच्या एका अनाथाश्रमातली नव्वद मुलं आणि दहा नन्स गेल्या, तीन मुलगे वाचले. प्रेतं इतकी होती की वजनं बांधून समुद्रात सोडली, ती लाटांनी परत किनाऱ्याला आणली, मग चिता रचाव्या लागल्या. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही, आणि माझा विषयही तो नाही.

माझा विषय आहे त्यानंतरचं म्युन्सिपाल्टीचं काम.

आधी भिंत. शहराने तीन इंजिनियरांची समिती नेमली, त्यातले एक होते हेन्री रॉबर्ट. हे लष्करातले निवृत्त इंजिनियर, पण जगाला माहीत आहेत ते १८७६ मधल्या 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' या पुस्तकामुळे. सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, दुरुस्ती कशी सुचवावी याचं ते अमेरिकेतलं बायबल. (आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला त्याची एक प्रत पाठवायचा विचार आहे.) समितीने १९०२ च्या जानेवारीत अहवाल दिला. सतरा फूट उंच काँक्रीटची भिंत बांधा आणि भिंतीमागचं गाव वर उचला. नुसती भिंत चालणार नाही, कारण लाट वरून आली तर ते पाणी बाहेर कसं जाणार? भिंतीपासून मागे खाडीकडे जमिनीला उतार हवा.

भिंतीच्या पैशांसाठी काउंटीने पंधरा लाख डॉलर्सचे रोखे काढले. घर गेलेली, माणसं गेलेली जनता, आणि त्यांनीच ते रोखे घेतले. ऑक्टोबर १९०२ मध्ये काम सुरू झालं, जुलै १९०४ मध्ये पहिला ३.३ मैलांचा टप्पा पूर्ण. खाली सोळा फूट रुंद, वर पाच फूट, समुद्राकडची बाजू वळवलेली, म्हणजे लाट आदळली की वर चढून परत फिरते. आज आपण तिथे कॉफी घेऊन फिरतो तेव्हा पायाखाली ही भिंत असते, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मला तो नुसता फुटपाथ वाटायचा.

पण खरी कमाल पुढे आहे. गाव उचलणं.

पाच-सहाशे ब्लॉक, दोन हजारांच्यावर इमारती. पद्धत अशी होती: पाव मैल बाय पाव मैलाचा एक चौकोन घ्यायचा आणि त्याला भोवतीने मातीचा बांध घालायचा. आतल्या प्रत्येक घराखाली हाताने फिरवायचे स्क्रू-जॅक लावायचे. मुकादमाच्या इशाऱ्यावर सगळे मजूर एकाच वेळी जॅक थोडा फिरवणार, घर किंचित वर, पुन्हा इशारा, पुन्हा किंचित वर. घर हवं त्या उंचीला टेकलं की ड्रेजरने वाळूमिश्रित पाणी आत सोडायचं, पाणी वाहून जायचं आणि वाळू खाली बसायची. ड्रेजर गावात यावेत म्हणून तीन मैल लांबीचा कालवा चक्क वस्तीतून खणला होता. कालव्याच्या वाटेतली साडेतीनशेच्या आसपास घरं आधी उचलून बाजूला ठेवली, आणि काम संपल्यावर कालवा बुजवून परत आणली. सेंट पॅट्रिक नावाचं तीन हजार टनांचं चर्च सातशे जॅकवर पाच फूट उचललं. त्या दिवसांत चर्चमधली प्रार्थनाही बंद नव्हती म्हणतात.

एकूण भराव १ कोटी ६० लाख घनयार्डांच्या वर. बाबांना हा आकडा सांगितला तर त्यांनी रुमाल काढावा तसा खिशातून पेन काढला आणि पेपरच्या कडेला ब्रासमध्ये हिशोब केला. ४३ लाख ब्रास. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. वाळूच्या चार ट्रकसाठी ज्यांनी आयुष्यभर सह्या घेतल्या, त्यांना तो आकडा किती मोठा वाटला असेल!

१९०४ ते १९१० ही सगळी वर्षं लोक तिथेच राहत होते. रस्ते गायब, खाली चिखल. ये-जा करायला घरांना जोडणारे लाकडी पूल, जमिनीपासून आठ-दहा फूट उंचावर. बायका लांब झगे सावरत त्यावरून बाजारहाट करायच्या. पोरं त्यावरून शाळेत जायची. खारट वाळूने गावातलं झाडन्‌झाड मेलं. नंतर विमेन्स हेल्थ प्रोटेक्टिव्ह असोसिएशन नावाच्या बायकांच्या संघटनेने ओक आणि कण्हेरी लावून गाव परत हिरवं केलं. हीच संघटना डेअऱ्यांतलं दूध तपासा, बाजार स्वच्छ ठेवा म्हणून पालिकेच्या मागे लागायची, आणि यातल्या बायकांना तेव्हा मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता.

आता एक बारीक अक्षरातली अट. भरावाचा खर्च सरकारी होता, राज्याने त्यासाठी आपला कर सोडून दिला. पण घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचे वाडे वर गेले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी खालचा मजला वाळूत जाऊ दिला आणि वरच्या मजल्यावर राहिले. ब्रॉडवेवरच्या दफनभूमीतही भराव पडला, काहींचे दगड नातेवाइकांनी वर आणले, काहींचे खालीच राहिले.

हे सगळं जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगत होतो तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला. "एवढं काम प्रत्येकाच्या दारात चाललेलं. लोक तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? नगरसेवक कोण होते?"

मला उत्तर माहीत नव्हतं. शोधलं, तर एक वेगळीच गोष्ट निघाली.

नगरसेवक नव्हतेच. वादळाच्या आधी गॅल्व्हेस्टनमध्ये नेहमीसारखं महापौर आणि वॉर्डांचे प्रतिनिधी असं मंडळ होतं. शहरावर कर्ज होतं, हिशोब ढिले होते. वादळानंतर बंदराचे व्यापारी, बँकवाले मंडळी पुढे आली. त्यांची 'डीप वॉटर कमिटी' आधीपासूनच होती, बंदर खोल करायला केंद्राकडून पैसे आणण्यासाठी. त्यांनी म्हटलं, हे मंडळ एवढं काम करू शकत नाही. १९०१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाकडून नवी सनद आणली. पाच जणांचं कमिशन. एक महापौर-अध्यक्ष, बाकी चौघांकडे एकेक खातं: वित्त, पोलीस आणि अग्निशमन, पाणी आणि सांडपाणी, रस्ते आणि सार्वजनिक मालमत्ता. तेच कायदे करणार, तेच खाती चालवणार. पाचांपैकी तिघांना सुरुवातीला राज्यपालांनी नेमलं. कोर्टात ते टिकलं नाही, म्हणून १९०३ पासून पाचही निवडून येऊ लागले, पण वॉर्डातून नाही, सगळ्या शहराच्या मतांवर.

आणि हे चाललं! पगार वेळेवर झाले, कर्ज आटोक्यात आलं, भिंत उभी राहिली. 'गॅल्व्हेस्टन प्लॅन' म्हणून देशभर नाव झालं. १९०५ मध्ये ह्यूस्टनने तो घेतला, १९०७ मध्ये डेस मॉइनने, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पाचशेच्या आसपास शहरांनी. समुद्रकाठच्या एका मोडलेल्या गावाने अमेरिकेला नगरपालिका कशी चालवायची ते शिकवलं, असं तेव्हाची मासिकं लिहीत होती.

माझ्यातला इंजिनियर इथे खूश झाला होता, खोटं कशाला बोलू? पाच माणसं, पाच मॉड्यूल, कोणाचं काम काय ते स्पष्ट. लफडी नाहीत, वॉर्डबाजी नाही. मग मी नॉरिस राइट क्युनी या माणसाबद्दल वाचलं. १८४६ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस १८८३ मध्ये गॅल्व्हेस्टनचा नगरसेवक झाला होता, बाराव्या वॉर्डातून. गोदीतल्या काळ्या कामगारांना त्याने काम मिळवून दिलं. असा माणूस निवडून येऊ शकला कारण वॉर्ड होता. शहराची साधारण पाचवा हिस्सा लोकसंख्या काळी होती. वॉर्डात त्यांचं मत मोजलं जायचं, सगळ्या शहराच्या बेरजेत ते बुडायचं. शहरभर मतदानाची टूम १८९० च्या दशकातच निघाली होती, १९०१ च्या सनदेने ती पक्की केली. त्यात १९०२ मध्ये टेक्सासने मतदानावर डोईपट्टी बसवली. एका पिढीपुरतं नाही, जवळजवळ साठ वर्षं हे असंच राहिलं. गॅल्व्हेस्टनने कमिशन सोडलं ते १९६० मध्ये.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की ज्यांची घरं वाळूत गेली त्यांच्या बाजूने बोलायला त्या टेबलावर त्यांच्या गल्लीतलं कोणी नव्हतंच.

मला हे वाचताना मुंबई आठवत राहिली. १८९६ ला प्लेग आला, आणि १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. महापालिका असताना वेगळी संस्था का? कारण तेच: पालिका हळू आहे, काम तातडीचं आहे. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या ही सगळी ट्रस्टची कामं, आणि ती चांगली आहेत. पण हवा खेळती करायला ज्या चाळी पाडल्या त्यातली गरीब माणसं आणखी गर्दीच्या खोल्यांत गेली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. दोन गावं, हजारो मैलांचं अंतर, आणि वर्षं बघा: १८९८ आणि १९०१.

बाबांना यात नवल वाटलं नाही. २०२२ पासून काही वर्षं मुंबई-पुण्यासकट महाराष्ट्रातल्या बऱ्याच पालिकांत निवडणुका न होता प्रशासक होते, ते त्यांनी घरी बसून पाहिलंय. "फायली भराभर हलतात," ते म्हणाले, "टेंडरं निघतात, रस्ते होतात. मी नोकरीत असतो तर मलाही तेच सोपं गेलं असतं. नगरसेवक डोकं खायचे आमचं. पण गटार तुंबलं तर सकाळी सात वाजता ज्याच्या दारावर थाप मारायची, असं कोणी राहत नाही." माझ्या लहानपणी हेच बाबा नगरसेवकांना काय काय म्हणायचे ते मी इथे लिहू शकत नाही. :-)

बरं, भिंतीचं पुढे काय झालं? १९१५ च्या ऑगस्टमध्ये १९०० च्या तोडीचं वादळ आलं. भिंतीमागच्या शहरात माणसं गेली ती दहाच्या आसपास. यश म्हणतात ते हेच, आणि कमिशनबद्दल मी वर जे काही लिहिलंय ते हा आकडा समोर ठेवूनच वाचावं. पण तोवर ह्यूस्टनने खाडी खोदून १९१४ मध्ये स्वतःचं बंदर सुरू केलं होतं, जमिनीच्या आत, वादळापासून दूर. कापूस तिकडे गेला, मग तेल तिकडे गेलं. गॅल्व्हेस्टनकडे उरला बीच. १९११ मध्ये भिंतीसमोर गॅल्व्हेझ हॉटेल उभं राहिलं आणि गाव पर्यटनावर जगायला लागलं. गंमत म्हणजे त्याच भिंतीने बीच खाल्ला. भिंतीवर आपटणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. त्यामुळे आता ड्रेजरने वाळू आणून बीच भरावा लागतो. बाबांच्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्स हेड कायमचा उघडा.

आणि २००८ च्या सप्टेंबरात आलेल्या 'आयक' वादळाचं पाणी भिंत ओलांडून नाही, मागच्या खाडीतून आलं. बायकांच्या संघटनेने सुरू केलेल्या त्या सावलीतले ओक खाऱ्या पाण्याने हजारोंनी वाळले. काहींचे बुंधे कोरून लोकांनी शिल्पं केली आहेत, ब्रॉडवेच्या आसपासच्या गल्ल्यांत दिसतात. त्यानंतर खाडीच्या तोंडाशीच दरवाजे बांधायची अब्जावधी डॉलर्सची योजना आली. लोक तिला 'आयक डाइक' म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरात काँग्रेसने मंजुरी दिली. मंजुरी आणि पैसा यातला फरक ओव्हरसियरच्या मुलाला कोणी सांगायला नको.

बाबा जानेवारीत परत गेले. जायच्या आदल्या रविवारी त्यांनी पुन्हा गॅल्व्हेस्टनला न्यायला सांगितलं. यावेळी समुद्राकडे गेलेच नाहीत. अ‍ॅश्टन व्हिलाच्या कुंपणाचे चार फोटो काढले, एकात माझा बूट मापाला ठेवून.

मी फोनवर हळूच विषय काढला होता. म्हटलं, बाबा, हल्ली आपल्याकडेही जॅक लावून घर उचलून देणारे लोक आहेत, यूट्यूबवर बघितलं मी. पैसे मी देतो. आपण तीन फूट घेऊ वर, अंगण भरून टाकू, विषय संपला.

बाबा म्हणाले, "मी बोलावलं होतं एकाला, तो बघून गेला. होईल म्हणाला. पण आपण अंगण भरलं की आपलं पाणी जाणार कुठे? पलीकडच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. त्या ऐंशीच्या आहेत, एकट्या आहेत. त्यांचं कोण उचलणार?"

मग त्यांनी काय केलं, तर मुख्याधिकाऱ्यांना अर्ज लिहिला, जुन्या सवयीने दोन प्रतीत. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा, गल्लीतल्या अकरा घरांच्या जोत्याची पातळी मोजून घ्यावी आणि रस्ता त्याखाली ठेवावा. अकराही घरांच्या सह्या आहेत. गल्लीचे जे नवे नगरसेवक आहेत त्यांच्याकडे एक प्रत दिली, सकाळी सात वाजता, घरी जाऊन. अर्जासोबत कुंपणाचा फोटो जोडलाय. आई म्हणाली, "अहो, त्यांना काय कळणार त्यातलं?" बाबा म्हणाले, "विचारतील तरी, हे काय आहे म्हणून."

पोच मिळाली आहे. पावसाला अजून अडीच महिने आहेत.